वडील रोज पितात, पण नोकरी सांभाळतात आणि मारहाणही करत नाहीत. याला व्यसन म्हणावे का, आणि घरच्यांनी काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की वडील रोज रात्री पितात, पण बहुतेक दिवस वेळेवर कामावर जातात आणि कोणावर हात उचलत नाहीत, त्यामुळे ‘पिऊन गप झोपणाऱ्या माणसाला व्यसनी म्हणू नये’ असे आईचे म्हणणे आहे. त्याच प्रश्नात पुढे असेही आले आहे की ज्या सकाळी ते उठत नाहीत त्या सकाळी आईच त्यांच्या ऑफिसात ‘पोट बिघडले आहे’ असा फोन करते, आणि दहावीतला धाकटा भाऊ हल्ली कोणाशी फारसे बोलत नाही. मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते आणि माझा बराचसा वेळ पिणाऱ्यांपेक्षा त्यांच्या घरच्या माणसांशी बोलण्यात जातो. तुम्हाला जे जाणवते आहे ते खरे आहे, आणि त्यावर काही करण्यासाठी वडिलांनी आधी कबुली दिलीच पाहिजे असे नाही, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

आधी व्यसनाच्या व्याख्येविषयी लिहिते. डॉक्टर नोकरी टिकली आहे का किंवा मारहाण होते का एवढ्यावरून निदान करत नाहीत. पिण्याची अनावर ओढ, एकदा सुरू केल्यावर थांबता न येणे, तेवढ्याच नशेसाठी पूर्वीपेक्षा जास्त दारू लागणे, न मिळाल्यास हात थरथरणे किंवा घाम फुटणे, इतर आवडीनिवडी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही पीत राहणे, अशी सहा लक्षणे ते पाहतात. गेल्या वर्षभरात यांपैकी तीन एकत्र आढळली तर त्या अवस्थेला मद्यावलंबन म्हणतात. ‘मी देशी घेत नाही, फक्त बिअर घेतो’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे, म्हणून एक हिशेब देते. 650 मिलीलीटरच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे 52 मिलीलीटर शुद्ध मद्यार्क असतो, तर व्हिस्कीच्या 180 मिलीलीटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे 77. म्हणजे बिअरच्या दोन बाटल्या रिचवणारा माणूस एका क्वार्टरपेक्षा अधिक मद्य शरीरात घेत असतो आणि यकृताला त्या बाटलीवरचे नाव कळत नाही.

शरीरावरचे परिणाम बहुतेकांना ऐकून माहीत असतात, म्हणून त्यांवर थोडक्यात लिहिते. यकृतात आधी चरबी साठते, मग सूज येते आणि शेवटी सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत कठीण होऊन निकामी होत जाते. यातला बराच काळ माणसाला काहीही दुखत नाही, त्यामुळे कावीळ होईपर्यंत किंवा पोटात पाणी भरेपर्यंत ‘मला काय झाले आहे?’ हा प्रश्न त्याला प्रामाणिकपणे विचारता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. वर्षानुवर्षे जेवणाऐवजी पिणाऱ्यांमध्ये ब 1 जीवनसत्त्वाची कमतरता होऊन स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते.

घरावरचे परिणाम मात्र कुठल्याही तपासणीत दिसत नाहीत. ज्या घरात रोज प्यायले जाते त्या घरातली मुले जिन्यावरच्या पावलांवरून आणि मोटारसायकलचे स्टँड लावण्याच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखतात, आणि त्यानुसार टीव्ही बंद करायचा की अभ्यासाला बसल्यासारखे दाखवायचे ते ठरवतात. एक शाळकरी मुलगी मला म्हणाली होती की ती मैत्रिणींच्या घरी जाते, पण त्यांना कधी आपल्या घरी बोलावत नाही, कारण बाबा कसे असतील ते आधी सांगता येत नाही. तिच्या घरीही मारहाण नव्हती. आई पगाराच्या दिवशी पैसे डाळीच्या डब्यात लपवते, गीझरवरची किंवा गाडीच्या डिकीतली बाटली शोधून मोरीत ओतते, दुसऱ्या दिवशी नवी बाटली येते, आणि या सगळ्यात मुलांच्या वाट्याला आईसुद्धा अर्धीच येते. तुमच्या भावाचे गप्प होणे मला म्हणूनच गंभीर वाटते. अशा मुलांना अनेकदा ‘समजूतदार’ म्हटले जाते, पण त्या समजूतदारपणाखाली पुष्कळदा सततची धास्ती दडलेली असते.

आईच्या फोनविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. ती खोटे बोलते ते लाजेपोटी आणि नोकरी वाचवण्यासाठी, आणि तिला दोष देणे मला मुळीच मान्य नाही. तरीही पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच घरचे ते झेलत राहिले, फोन करून, उधारी फेडून, नातेवाइकांना सारवासारव सांगून, तर त्या माणसाच्या दृष्टीने काही बिघडलेलेच नसते. आईला ‘तू पाठीशी घालतेस’ असे म्हणू नका. पुढच्या वेळी फोन बाबांनाच करू दे, एवढे शांतपणे सुचवा. वडिलांशी बोलायचे तर ते प्यायलेले नसताना, सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी बोला, आणि ‘तुम्ही घराची वाट लावली’ असे म्हणण्यापेक्षा अमुक दिवशी अमुक घडले आणि मला त्याची भीती वाटली, असे नेमके सांगा. पाळता येणार नाही अशी धमकी देऊ नका. पोटच्या मुलांची शपथ घालणे किंवा माळ घालायला लावणे यामुळे काही काळ दारू सुटते, नाही असे नाही. पण ती पुन्हा सुरू झाली की आजाराच्या जोडीला शपथ मोडल्याची अपराधी भावना येते आणि ती बुडवायलाही दारूच हाताशी असते.

दोन गोष्टी कृपया करू नका, कारण त्या जिवावर बेतू शकतात. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो. अंगावर किडे चढताहेत, भिंतीजवळ कोणी उभे आहे असे माणूस बोलू लागतो, आणि घरचे बाहेरची बाधा समजून देवर्षीकडे नेतात, जेव्हा त्याला तातडीने रुग्णालयाची गरज असते. दुसरी गोष्ट म्हणजे ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली पावडर. अशा पुड्यांत नेमके काय आहे ते घेणाऱ्याला कळत नाही. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस त्यावर प्यायला, तर मद्यापासून बनणारे ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठते, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि मृत्यूही येऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, परंतु रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याच्या संमतीने.

उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. सुरुवातीचे काही दिवस वैद्यकीय देखरेखीखाली शरीरातला त्रास आटोक्यात आणतात, त्यानंतर समुपदेशन आणि अनेक महिन्यांचा पाठपुरावा असतो. मधेच पुन्हा पिणे घडते, ज्याला आमच्याकडे ‘स्लिप’ म्हणतात, आणि तेवढ्यावरून सगळे वाया गेले असे मानण्याचे कारण नसते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत घरच्यांनाही उपचारात सामावून घेतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा पिणाऱ्यांसाठी असतात, तर 1951 मध्ये सुरू झालेली अल-ॲनॉन ही संघटना खास कुटुंबीयांसाठी आहे, आणि तिथे जाण्यासाठी पिणारा माणूस सोडायला तयार असण्याची अट नाही.

पुढे कधी मारहाण, शिवीगाळ किंवा घरखर्चाचे पैसे हिसकावणे सुरू झाले, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात हे तिन्ही प्रकार येतात. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या वेळी 112 हे क्रमांक आईलाही पाठ असू द्या.

सध्या 14446 या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मोफत हेल्पलाइनवर तुम्ही स्वतः फोन करावा असे मी सुचवेन. आई तयार नसेल तर तिच्यासाठी थांबू नका. घरातला एक माणूस आधी मदत घेऊन आला की दुसऱ्याला ती घेणे सोपे होते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. आणि भावाशी या आठवड्यातच बोला. बाबांचे पिणे हा आजार आहे, तो त्याच्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करण्याची जबाबदारी त्याची नाही, हे त्याला कोणीतरी शब्दांत सांगायला हवे. त्याच्या अभ्यासासाठी संध्याकाळी मावशीकडे, शेजारी किंवा अभ्यासिकेत बसण्याची सोय होत असेल, तर वडिलांच्या निर्णयाची वाट न पाहता ती लगेच करा.