ओसी नसलेल्या मजल्यावरचा लॉक-इन

प्रश्न : माझं लहानपण खेतवाडीतल्या चाळीत गेलं. आईला म्हातारपणी फडके गणपतीच्या जवळपासच राहायचं होतं, म्हणून पाच महिन्यांपूर्वी गिरगावातल्या नव्या टॉवरमध्ये ३६व्या मजल्यावर ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट घेतला. भाडं १,२०,००० रुपये, डिपॉझिट ६ लाख, त्यातले १ लाख रोख. लॉक-इन (मुदतीआधी जागा न सोडण्याची अट) पूर्ण ११ महिन्यांचा. 'अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही,' असं एजंट म्हणाला. गेल्या आठवड्यात लिफ्टशेजारी महापालिकेची नोटीस चिकटवली : २५व्या मजल्याच्या वर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी) नाही. मालक म्हणतात, मुदतीआधी निघालात तर डिपॉझिट जप्त. काय करू?

उत्तर : आधी आईंसाठी दुसरं घर बघायला लागा. डिपॉझिट अडकलंय म्हणून तिथे दिवस काढू नका. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३अ नुसार परवानगी मिळाल्याशिवाय तो मजला वापरताच येत नाही. २०२५ मध्ये ताडदेवच्या एका ३४ मजली इमारतीतले ओसी नसलेले वरचे मजले रिकामे करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. ओसी नसेल तर आगीपासूनच्या सुरक्षेचीही खात्री धरता येत नाही. ३६ मजले जिन्याने उतरणं तुमच्या आईंना जमेल का, एवढाच विचार करा.

लॉक-इनला घाबरू नका. जिथे राहायला कायद्यानेच मनाई आहे, तिथे राहण्याची सक्ती करार करू शकत नाही. करार अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे बेकायदा उद्देशाचा करार रद्दबातल ठरतो. करार रद्दबातल असल्याचं मागाहून उघड झालं, तर घेतलेला लाभ परत करावा लागतो, असं कलम ६५ सांगतं. मालकांना नोटीस याच आधारावर पाठवा. मात्र ओसी नसल्याचं तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं, ही गोष्ट टिकली पाहिजे. 'ओसीच्या स्थितीची पूर्ण कल्पना आहे' असं वाक्य करारात कुठे दडलंय का, ते आज रात्रीच वाचा. असेल तर तुमची बाजू लंगडी होईल. तरीही कलम ७४ आहे : मालकांना वाजवी भरपाईपुरतंच मागता येतं, अख्खे ६ लाख आपोआप त्यांचे होत नाहीत.

एजंटने तुम्हाला चक्क चुकीचं सांगितलं. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. जबाबदारी मालकाची, आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे : करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत ग्राह्य धरलं जातं. रोख दिलेल्या त्या १ लाखाला हाच आधार आहे. सोबत 'रोख मिळाले' अशा अर्थाचा एखादा व्हॉट्सॲप मेसेज सापडला तर फारच उत्तम. भाड्यावर टीडीएस भरला असेल, तर ते चलनही पुरावाच आहे.

नोटिशीचा फोटो तारखेसह काढून ठेवा. महापालिकेच्या डी वॉर्ड कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून ओसी नेमकी कोणत्या मजल्यापर्यंत आहे ते लेखी मिळवा. भाडं मात्र बंद करू नका. जितके दिवस राहाल तितक्या दिवसांचं बँकेतूनच द्या, म्हणजे थकबाकीचं निमित्त मालकांना मिळणार नाही. मग जागा सोडायची तारीख ईमेलने कळवा आणि त्याच दिवशी डिपॉझिट परत मागा.

किल्ल्या वॉचमनकडे ठेवून निघू नका. मालकांना बोलवा, मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्या, ताबा दिल्याच्या कागदावर सही घ्या. आलेच नाहीत, तर किल्ल्या वकिलाच्या नोटिशीसोबत स्पीड पोस्टाने पाठवा. पैशांसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण नोटीस याच महिन्यात जाऊ द्या.