ऑडी टीटीला गोव्याच्या पावसासाठी चाकांचा वेगळा सेट घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून पर्वरीला राहायला आलात, सोबत जुनी ऑडी टीटी आणली, चाके २५५/३५ आर १९ (टायर २५५ मिलिमीटर रुंद, रबराची भिंत रुंदीच्या ३५ टक्के, रिम १९ इंची). म्युनिकचा भाऊ दर हिवाळ्यात गाडीला दुसरा सेट चढवतो. त्याच्याकडे १७ इंची रिमवर चढवलेले विंटर टायर पडून आहेत आणि तो ते पाठवतो म्हणतोय. नक्षी खोल असते, मग गोव्याच्या पावसाला चालतील ना?

रिम मागवा. टायर तिथेच काढून ठेवायला सांगा.

विंटर टायरचे रबर थंडीत कडक होऊ नये म्हणून मऊ बनवलेले असते. सात अंशांच्या खाली पारा गेला की ते चढवायचे, असा तिकडचा ढोबळ हिशेब. जर्मनीत २०१० पासून बर्फ-चिखलाच्या रस्त्यावर असे टायर कायद्यानेच लागतात. तुमच्या भावाचे बरोबरच आहे. पण आपल्याकडे जुलैच्या रात्रीसुद्धा पारा चोविसाच्या आसपास असतो. त्या उबेला ते रबर लिबलिबते, नक्षीचे ठोकळे वाकतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की गाडी साध्या चांगल्या टायरपेक्षा लांब जाऊन थांबते. नक्षी खोल म्हणजे पावसाचा टायर, हे गणित एवढे सरळ नाही.

आता भावाच्या सवयीतला खरा शहाणपणा. तो हिवाळ्यात इंच-दोन इंच लहान रिम आणि अरुंद टायर लावतो. ते मात्र जसेच्या तसे उचला. आणि याच मुद्द्यावरून मी दुकानाचे शटर अर्धे ओढून लिहायला बसलोय, कारण आमच्या घरात हा वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे.

फोंड्याला आमचे टायरचे दुकान. बाबांनी खनिजाच्या ट्रकांची पंक्चरे काढण्यापासून सुरुवात केली. २०१२ ला खाणी बंद झाल्या, ट्रक उभे राहिले, तेव्हा आम्ही लहान गाड्यांकडे वळलो. माझ्या मेव्हण्याकडे पोलो जीटी टीएसआय. कंपनीचे टायर १८५/६० आर १५. त्याला ते 'बायकी' वाटायचे (शब्द त्याचा, माझ्या बायकोसमोर वापरलेला). त्याला २१५/४० आर १७ हवे होते. 'भावजी, रुंद टायर म्हणजे पकड जास्त, एवढे तुम्हांला कळत नाही?' कोरड्या रस्त्यावर तो चूक नाही. पण गोव्यात जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा असतो कधी?

२०१९ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तिचा आदला दिवस. फोंड्याच्या बाजारातून माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचे, सामान घेऊन आम्ही दोघे माशेलला सासुरवाडीला निघालो. मागच्या सीटवर सुपारीची शिपटी, तोरंजने, आंबाडे, एक भलामोठा चिबूड, आणि सगळ्यांच्या वर केळ्यांचा घड. म्हार्दोळ सोडले आणि पावसाने धरले, असे की वायपर नुसते पाणी इकडचे तिकडे करत होते. कुंडईकडच्या एका वळणाआधी गटार तुंबले होते आणि पाणी रस्ता ओलांडून वाहत होते. खोल नव्हते, चार बोटेही नसेल. काटा ऐंशीच्या जरा वर.

त्या क्षणाचे मला एवढेच आठवते की टायरांचा पाण्यातला आवाज बंद झाला. इंजिन मात्र अचानक मोठ्याने ओरडले, कारण पुढची चाके मोकळी फिरायला लागली होती. मेव्हणा स्टेअरिंग फिरवत होता आणि गाडीला त्याचा पत्ताच नव्हता. मग पाणी संपले, वळवलेल्या चाकांना एकदम रस्ता सापडला, आणि गाडी गर्रकन फिरली. मागचे डावे चाक गटारात, तोंड परत फोंड्याकडे. चिबूड फुटून माझ्या मानेवर बिया. 'कितें जालें?' एवढेच तो म्हणाला. समोरून कोणी आले नाही म्हणून हे लिहितोय.

रस्त्यावर डिझेल सांडले होते, असे तो आजही सांगतो. चिबूड होता, डिझेल नव्हते.

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर मी गाडी दुकानात ओढून आणली आणि खिशातली पट्टी खाचेत घातली. पुढच्या टायरची नक्षी अडीच मिलिमीटर. कायद्याने चालते, मर्यादा १.६ ची आहे. हवा तपासली, तर पुढच्या दोन्हींत २४ पीएसआय. मी त्याच्याकडे बघितले. 'पावसात हवा उणी केल्यार गाडी बरी धरता,' साहेबांचे उत्तर. म्हणजे हवा कमी केली की पकड वाढते. कोणीतरी त्याला हे सांगितले होते.

हे ज्याने कोणी पसरवले त्याला एकदा कुंडईला आणून उभे केले पाहिजे. नासात विमानांच्या टायरांवर काम करणाऱ्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६३ मध्ये एक सूत्र मांडले: टायरमधल्या दाबाचे वर्गमूळ काढा, १०.३५ ने गुणा, आणि टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग मैलांत मिळतो. ३३ पीएसआयला सुमारे ९६ किलोमीटर येतो. २४ ला सुमारे ८२. काटा कुठे होता ते वर लिहिले आहे. हवा कमी झाली की टायर मधोमध पोटात दबतो, पाणी बाहेर रेटायची ताकद जाते आणि पाण्याची पाचर खाली शिरते. त्यात टायर ३० मिलिमीटर जास्त रुंद, म्हणजे तेवढे जास्त पाणी बाजूला सारायचे. वाळूत हवा कमी करतात हे खरे. मोरजीच्या किनाऱ्यावर रुतलात तर करा, रस्त्यावर नको.

तर तुमच्या टीटीला १७ इंचावर २४५/४५. याच गाडीला कंपनीने दिलेले माप आहे, बाहेरचा व्यास तुमच्या १९ इंचीपेक्षा सुमारे १.३ टक्क्यांनी कमी, स्पीडोमीटरला जाणवणारही नाही. रबराची भिंत ८९ मिलिमीटरवरून ११० वर जाते. पर्वरीच्या खड्ड्यांत या २१ मिलिमीटरचे महत्त्व तुम्हांला पहिल्याच आठवड्यात कळेल. दुकानात वाकलेल्या १९ इंची रिम येतात, १७ इंची क्वचित. त्यावर ओल्या रस्त्यासाठी नावाजलेला उन्हाळी (म्हणजे विंटर नसलेला) टायर चढवा, मिशेलिन पायलट स्पोर्टच्या जातीचा. शर्यतीच्या ट्रॅकवरचे, जवळजवळ नक्षी नसलेले टायर असतील तर ते चवथीपर्यंत घरात ठेवा.

बाकी भराभर सांगतो. ऑडीच्या मूळ रिमला गोल बुडाचे बोल्ट लागतात, बाहेरच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या, बऱ्याच रिमना निमुळते. भावाच्या रिमसोबत त्यांचेच बोल्ट मागवा, नाहीतर चाक घट्ट झाल्यासारखे वाटते आणि होत नाही. रिमचे मधले भोक ५७.१ मिलिमीटरचे, बाहेरची रिम असेल तर रिंग लागेल. बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटरला आवळा, गनने ठोकून नव्हे, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्याने बघा. एका दिशेच्या नक्षीचा टायर असेल तर त्याच्यावरचा बाण पुढे फिरतोय ना, ते स्वतः वाकून बघा. उलटा बसवलेला टायर पाणी बाहेर फेकण्याऐवजी आत ओढतो, आणि घाईच्या दिवसांत असे बसवलेले मी पाहिले आहेत. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. विक्रेता 'नवीनच आहे' म्हणतो तेव्हा तर आधी तेच. नक्षी ३ मिलिमीटरवर आली की पावसासाठी तो टायर संपला, कायदा काहीही म्हणो. हवा दाराच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी, टायर थंड असताना. क्वात्रो (चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली) असेल तर चारही टायर एकाच जातीचे आणि एकसारखे झिजलेले हवेत. आणि चारही चाके ओढतात म्हणून चारही चाके जास्त चांगली थांबतात, असे मानू नका. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारी चाकांना असतो.

काढलेला १९ इंची सेट हवा भरलेलाच, आडवा, एकावर एक ठेवा. पंपाच्या मोटरीशेजारी नको, तिच्या ओझोनने रबराला भेगा पडतात.

एक राहिले. हॉर्न यांचे सूत्र ढोबळ आहे. चांगली नक्षी आणि उथळ पाणी असेल तर टायर त्याच्या वरही धरतो, गुळगुळीत टायर त्याच्या आधीच सोडतो. आणि तुमची गाडी पावसाळ्यात फक्त पर्वरी ते पणजी एवढीच जाणार असेल, तर दुसऱ्या सेटचे पैसे वाचवा. अटल सेतूवरच्या रहदारीत तुम्हांला तरंगायची संधी कोणी देणार नाही. चोर्ला किंवा अनमोड घाट चढणार असाल तर मात्र घ्याच.

आणि दुसरे, जे मेव्हण्याला मी कधी मोकळेपणाने सांगितले नाही. ते २१५ चे टायर त्याला मीच बसवून दिले होते. सासऱ्यांसमोर नाही म्हणवेना, आणि टायरांत चार पैसेही सुटले. त्यामुळे तुमचा टायरवाला 'साहेब, अजून एक साइज रुंद बसेल' म्हणाला, तर तो तुमच्या रस्त्याचा विचार करत नाहीये.

कुंडईला गटारात तडकलेली त्याची अलॉय रिम अजून दुकानात आहे, पाण्याची नळी गुंडाळून ठेवायला. मेव्हणा येतो, चहा घेतो, आणि तिच्याकडे पाठ करून बसतो.