'टिनची पेटी' नव्हे, तीने!

प्रश्न असा आहे: नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्यांच्या जुन्या वस्तूंवरचा मजकूर मराठीत आणताना 'टीने बॉक्स' आला. 'टिनची पेटी' लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. टिन तर नाहीच, पेटीही नाही. उच्चार 'तीने'च्या जवळचा, आणि वस्तू अख्खी लाकडाची. पातळ पट्टी मऊ करून लंबगोल वाकवायची, टोकं एकावर एक घेऊन बर्चच्या चिवट मुळांनी शिवायची. दोन बाजूंना दोन उभ्या दांड्या. झाकण त्यांच्यामध्ये खटकन बसतं. उघडताना दांडी जराशी बाहेर ताणली की झालं. बिजागरी नाही, कडी नाही.

तिच्यात लोणी, चीज, वाटेवरची शिदोरी असायची. नॉर्वेतल्या सर्वांत मोठ्या दूधसंघाचं नावही 'तीने'च आहे. म्हणून मला 'डबा' जवळचा वाटतो. कुणी 'करंडा' सुचवेल, पण आपला लाकडी करंडा कातीव, ही शिवलेली.

'पेटी' राखून ठेवा 'किस्टे'साठी, म्हणजे प्रवासाच्या मोठ्या लाकडी पेटीसाठी. 1825 मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगरहून स्थलांतरितांचं पहिलं जहाज न्यूयॉर्कला गेलं आणि पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर माणसं गेली. कपडालत्ता, अवजारं भरायला किस्टे असायची; पुष्कळ पेट्यांवर मालकाचं नाव नि साल रंगवलेलं दिसतं. आयोवातल्या डेकोरा गावी वेस्टरहाइम संग्रहालयात अशा पेट्या जपल्या आहेत.

त्याच मजकुरात 'रोझमॉलिंग', म्हणजे लाकडी वस्तूंवर रंगवलेली नॉर्वेजियन नक्षी, भेटेलच. त्याचं 'गुलाबचित्रं' करू नका. तिथे गुलाबापेक्षा वळणदार पानं नि वेलीच जास्त. 'वेलबुट्टी' हा शब्द आपल्याकडे तयार आहे, चपखल बसतो. विस्कॉन्सिनमधल्या स्टॉटनला घोडागाड्या रंगवणारे पेर लिस्ने यांनी 1930च्या दशकात ही कला तिथे पुन्हा रुजवली. गाड्यांचा रंगारी लाकडी थाळ्यांवर वेलबुट्टी काढू लागला, हे मला फार आवडतं.

तेव्हा पहिल्या उल्लेखात 'तीने, म्हणजे वाकवलेल्या लाकडाचा झाकणाचा डबा' असं लिहा, पुढे नुसतं तीने. लिंग स्त्रीलिंगी ठेवा, नॉर्वेजियनमध्येही ती स्त्रीलिंगीच चालते. फक्त 'तिने तीने उघडली' असलं वाक्य आलं, तर तिथे मुकाट्याने 'डबा' घाला.