जुनी स्पोर्ट्स कार आणि आजची हायब्रिड सेडान: चालवायला सरस कोणती?

साठच्या दशकातली स्पोर्ट्स कार आणि आजची आलिशान हायब्रिड सेडान यांपैकी चालवण्याचा आनंद कोणती जास्त देते, असे आपण विचारले आहे. नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला राहतो. माझ्याकडे लेक्सस ईएस ३००एच आहे आणि शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडे १९६२ सालची जॅग्वार ई-टाइप आहे, जी याच शहरात तयार झाली आणि जी त्यांनी मला दोन-तीनदा चालवू दिली. त्यामुळे माझे उत्तर या दोन गाड्यांपुरतेच आहे.

निव्वळ वेग पाहिला तर म्हातारी गाडीच पुढे आहे. ३.८ लिटरच्या ई-टाइपला ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला साधारण सात-साडेसात सेकंद लागतात, तर २१८ अश्वशक्तीच्या माझ्या लेक्ससला जवळजवळ नऊ. शिवाय लेक्ससचे वजन काही शे किलोंनी जास्त आहे.

मात्र जॅग्वारमध्ये हा वेग आयता मिळत नाही. तिच्या चार गिअरांपैकी पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना दात्यांचे वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा, नाही, त्यामुळे चालत्या गाडीत त्या गिअरवर यायचे तर क्लच दोनदा दाबून मध्ये इंजिनाचा वेग वाढवावा लागतो. पहिल्याच दिवशी मी घाई केली, गिअर करकरला, आणि शेजारी बसलेले मालक काहीही न बोलता खिडकीबाहेर पाहू लागले. तिचे तीन एसयू कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवणारी उपकरणे, ते स्वतः जुळवतात: रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि तिन्हींचा फुसफुसाट सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचे.

लेक्ससमध्ये यातले काहीच आपल्या वाट्याला येत नाही. पेट्रोल इंजिन आणि दोन विद्युत मोटर-जनरेटर ग्रहीय गिअरने (मधल्या चाकाभोवती लहान चाके फिरणाऱ्या गिअरसंचाने) जोडलेले असल्याने क्लच, वेगळा स्टार्टर किंवा अल्टरनेटर यांची गरजच उरत नाही, आणि ब्रेक दाबल्यावर आधी मोटर वीज तयार करून बॅटरीत साठवते व नंतर घर्षणाचे ब्रेक लागतात, तो सांधा पायाला क्वचितच जाणवतो. मला खटकते ते एवढेच की जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो.

रोज कचेरीला जायला मी डोळे झाकून लेक्सस घेईन. रविवारी सकाळी मात्र शेजाऱ्यांच्या गॅरेजचे दार वाजले की माझे कान टवकारतात. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना रस्ता कर आणि वार्षिक तपासणी माफ आहे, पण त्यावर भुलू नका. ई-टाइपच्या मागच्या ब्रेकच्या डिस्क चाकांजवळ नसून आत डिफरन्शियलला (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाला) लागून आहेत, त्यामुळे साधे ब्रेकचे कामही दिवस खाते. ई-टाइप घ्यायचीच असेल, तर ते लांबलचक बॉनेट उघडून इंजिनाच्या प्रेमात पडण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून दारांखालचे सिल, म्हणजे तिथल्या लांब पोकळ पत्र्याच्या कडा, गंजलेले नाहीत ना, हे पाहून घ्या. मधल्या सांगाड्याची बरीचशी ताकद त्यांतच आहे.