सीलिंग म्हणजे सील नव्हे

प्रश्न : आमच्या सव्वातीन एकरांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत ‘सीलिंग वाटप’ असा शेरा आहे. आई घाबरलीय, म्हणते सरकारने जमिनीला सील ठोकलंय. इकडे पीओपीवाला मिस्त्री छतालाच सीलिंग म्हणतो. नक्की अर्थ काय? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आधी आईंचा घोर मिटवा. जमिनीला कुणीही सील ठोकलेलं नाही. दुकानाला मोहोर लावून कुलूप घालतात ते सीलिंग वेगळं. इंग्रजीत त्याचं स्पेलिंगही निराळं, पण देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. तुमच्या सातबाऱ्यावरचा शब्द मिस्त्रीचाच आहे. छताच्या वर जाता येत नाही, म्हणून कमाल मर्यादेलाही तोच शब्द लागला.

माझे वडील तलाठी होते. रात्री कंदिलापाशी बसून ते ओळीने आकडे लिहायचे : १८, २७, ३६, ५४. मी तेव्हा चौथीत. मला तो नवाचा पाढा वाटायचा आणि पंचेचाळीस राहिले म्हणून मी त्यांना टोकायचे. ती एकरांची मर्यादा होती. जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. १९७५ मध्ये मर्यादा खाली आणली. पाच माणसांपर्यंतच्या कुटुंबाला बारमाही बागायत १८ एकर, एकाच पिकापुरतं खात्रीचं पाणी असलेली २७, हंगामी बागायत किंवा भातशेती ३६, जिरायत ५४. त्यावरची जमीन सरकारने काढून घेतली आणि भूमिहीनांना वाटली. तुमच्या घराला मिळाली ती अशी. म्हणून ती भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली, असते आणि विकायला, गहाण टाकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हा शेरा तुमच्या घराच्या हक्काचा पुरावा आहे, त्याला भिऊ नका.

शहरात हाच शब्द ‘यूएलसी’त, म्हणजे अर्बन लँड सीलिंगमध्ये (नागरी जमीन कमाल मर्यादा) शिरला : १९७६ चा कायदा, मुंबईत मोकळ्या जमिनीला ५०० चौरस मीटरची मर्यादा, पुण्यात १०००. महाराष्ट्राने तो २००७ मध्ये मोडीत काढला.

मुळात सीलिंग म्हणजे आतून फळ्यांचं अस्तर लावणं. जहाजाच्या पोटात मारलेल्या फळ्यांना अजून सीलिंगच म्हणतात, आणि तिथे माणूस त्यांवर पाय देऊन उभा राहतो! वैमानिकांच्या भाषेत ढगांच्या तळाची उंची म्हणजे सीलिंग.

कायद्याच्या मराठी नावात ‘कमाल मर्यादा’ असे स्वच्छ शब्द आहेत. आईंना तेच सांगा. शेऱ्याशेजारी फेरफाराचा क्रमांक असेल; तो फेरफार उतारा तलाठी कार्यालयातून काढून सातबाऱ्यासोबत ठेवा.