गूगलवर पहिला नंबर देणारं सॉफ्टवेअर घ्यावं का?

प्रश्न: दादरला मी आणि जाऊबाई फराळाचं छोटं दुकान चालवतो, वेबसाइट मुलाने बनवून दिलीय. एका कंपनीचे सारखे फोन येतायत, आमचं सॉफ्टवेअर घ्या, ३० दिवसांत गूगलवर पहिला नंबर, गॅरंटी! वर्षाचे १८ हजार सांगतात. घेऊ का?

उत्तर: ताई, थांबा जरा. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच सांगतं, आणि पैसे भरून वर दिसते ती जाहिरात, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. ह्यांची गॅरंटी बऱ्याचदा कशी असते माहितीये? 'दादर पश्चिम बिनसाखरेची ओल्या नारळाची करंजी' असलं काहीतरी, जे कोणी शोधतच नाही, तिथे तुम्हाला वर आणायचं नि स्क्रीनशॉट पाठवायचा, झाली गॅरंटी पुरी. दुसरा प्रकार जास्त वाईट, तुमची साइट लोकप्रिय आहे असं गूगलला वाटावं म्हणून सॉफ्टवेअर कुठल्याकुठल्या फालतू साइटवर तुमच्या लिंका चिकटवत सुटतं. गूगलने २०१२ मध्ये पेंग्विन नावाचं अपडेट, म्हणजे साइटचे नंबर ठरवण्याच्या पद्धतीत बदल, आणला तो अशाच लिंकांना आळा घालायला, तेव्हा बऱ्याच साइट धाडकन खाली गेल्या. साइटचा पासवर्ड मागितला तर सरळ फोन ठेवा.

त्यापेक्षा गूगल मॅपवर दुकानाची नोंद करा, फुकट असते, त्यात वेळ, फोन नंबर, तुमच्याच चकलीचे फोटो टाका (नेटवरून उचललेले नकोत हां). गूगलचं सर्च कन्सोल नावाचं टूलही फुकट आहे, लोक काय टाइप करून तुमच्या साइटवर येतात ते त्यात दिसतं, मुलाला बघायला सांगा. फक्त दिवाळीच्या तोंडावर सुरू करू नका, गूगलला नवीन मजकूर उचलायला वेळ लागतो, गणपतीच्या आधीच कामाला लागा.