बोस्टनमध्ये बर्फ साधारण कधी आणि किती पडतो? मुलीकडे नाताळात जावे की फेब्रुवारीत?

आपण लिहिले आहे की आपली मुलगी बोस्टनला शिकते, तिच्याकडे पंधरा दिवस राहायला जाण्याचा बेत आहे, आणि आपणा दोघांना आयुष्यात एकदा तरी बर्फ पडताना पाहायचा आहे. मात्र त्यात अडकून पडण्याची तयारी नाही. मी या परिसरात एकोणीस वर्षे राहत आहे. पहिली काही वर्षे समुद्राला लागून असलेल्या क्विन्सीत गेली, आणि त्यानंतर किनाऱ्यापासून पश्चिमेला वीसेक मैल आत असलेल्या फ्रेमिंगहॅममध्ये आलो. या दोन घरांतल्या हिवाळ्यांत मला जो फरक दिसला, त्यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

आधी थेट उत्तर देतो: नाताळ सोडा आणि जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर या काळात या. बोस्टनच्या लोगन विमानतळावरील नोंदींनुसार १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी एका हंगामाला ४९.२ इंच, म्हणजे सुमारे १२५ सेंटीमीटर आहे. त्यात नोव्हेंबरचा वाटा इंचभरही नाही. डिसेंबरमध्ये ९ इंच, जानेवारी आणि फेब्रुवारीत प्रत्येकी १४ इंचांहून थोडा अधिक, मार्चमध्ये पुन्हा ९ आणि एप्रिलमध्ये दीडेक इंच, अशी साधारण विभागणी आहे. नाताळच्या दिवशी जमिनीवर निदान इंचभर बर्फ असण्याचा योग येथे चार-पाच वर्षांतून एखाद्या वेळीच येतो.

डिसेंबरमध्ये इतकी थंडी असूनही बर्फ कमी का, याचे कारण समुद्र आहे. मुंबईला जानेवारीत नाशिकसारखी थंडी पडत नाही, कारण शेजारचे पाणी हवेला फार गार होऊ देत नाही. तेच येथे घडते, फक्त शून्य अंशाच्या काठावर. डिसेंबरच्या सुरुवातीला बोस्टनजवळच्या समुद्राचे पाणी सुमारे ८ ते ९ अंश सेल्सिअस असते, आणि वारा समुद्रावरून आला की किनाऱ्यावरची हवा गोठणबिंदूच्या वर जाते आणि बर्फाऐवजी पाऊस पडतो. फेब्रुवारीपर्यंत तेच पाणी ४ अंशांच्या आसपास उतरलेले असते, त्यामुळे समुद्री वाऱ्याची ही ऊब बरीच ओसरते. मार्चमध्ये दिवस मोठा होऊनही डिसेंबरइतकाच बर्फ पडतो, त्यामागेही हेच गार झालेले पाणी आहे.

क्विन्सीत राहत असताना डिसेंबरमधल्या एका रात्री मी फ्रेमिंगहॅमच्या मित्राकडून घरी परतत होतो. त्याच्या अंगणात घोट्याएवढा बर्फ साचला होता आणि गाडीची काच खरवडण्यातच दहा मिनिटे गेली होती. शहराभोवती अर्धवर्तुळ काढणारा १२८ क्रमांकाचा महामार्ग जवळ आला, तसे काचेवर बर्फाऐवजी पाण्याचे टपोरे थेंब आपटू लागले, आणि घरी पोहोचलो तेव्हा आमच्या गल्लीत नुसता चिखल होता. येथल्या हवामानाच्या अंदाजात ‘१२८ च्या आत पाऊस, बाहेर बर्फ’ अशा अर्थाचे वाक्य वारंवार ऐकू येते, ते त्या रात्री मला खऱ्या अर्थाने कळले.

मोठा बर्फ येथे बहुतेक वेळा ‘नॉरईस्टर’ नावाच्या वादळातून पडतो. हे वादळ ईशान्येकडून येते असा अनेकांचा समज असतो, पण ते येते दक्षिणेकडून. ईशान्येचा असतो तो किनाऱ्यावर आदळणारा वारा. अमेरिकेच्या भूभागावरची अतिथंड हवा आणि गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहावरची दमट हवा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे, बऱ्याचदा कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ, कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि किनाऱ्याला समांतर वर सरकते. नँटकेट बेटाच्या आग्नेयेला, ४० अंश उत्तर अक्षांश आणि ७० अंश पश्चिम रेखांश जेथे छेदतात, त्या बिंदूच्या आसपासून वादळाचे केंद्र गेले तर बोस्टनला भरपूर बर्फ मिळतो. ते किनाऱ्याच्या फार जवळून गेले तर समुद्राची ऊब आत घुसून पाऊस पडतो, आणि फार लांबून गेले तर आकाश नुसते करडे राहते. पाचपन्नास मैलांच्या फरकाने सगळे चित्र पालटते, म्हणून तीन दिवस आधी वर्तवलेल्या इंचांच्या आकड्यावर मी कधीही बेत ठरवत नाही.

सरासरीवरही फार विसंबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. २०२३-२४ च्या संपूर्ण हिवाळ्यात लोगनवर ९.८ इंच बर्फ पडला. २०१४-१५ मध्ये ११०.६ इंच. त्या हिवाळ्यात जानेवारीचे पहिले तीन आठवडे आम्ही जवळजवळ कोरडेच काढले होते, आणि मग साधारण महिन्याभरात ९० इंचांहून अधिक बर्फ कोसळला. एकट्या फेब्रुवारीत ६४.८ इंच. शहरातून उचललेला बर्फ सीपोर्ट भागात नेऊन टाकला होता, त्याचा ढीग पुरता वितळायला १४ जुलै उजाडला. उलट, हंगाम संपला असे वाटत असताना १९९७ साली ३१ मार्च आणि १ एप्रिल या दोन दिवसांत २५.४ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. लोगन विमानतळाच्या तीन बाजूंना पाणी आहे, त्यामुळे तेथला आकडा शहराच्या अगदी किनारी टोकाचा असतो. शहराच्या दक्षिणेला दहा मैलांवर, ६३५ फूट उंचीच्या ब्लू हिल टेकडीवर १८८५ पासून हवामानाची वेधशाळा आहे. तेथील हंगामी सरासरी लोगनपेक्षा ठळकपणे जास्त असते. आपली मुलगी नेमकी कोठे राहते, यावर आपल्याला खिडकीतून काय दिसेल हे बरेचसे अवलंबून आहे.

बर्फाची जातही पाहण्यासारखी असते. उणे आठ-दहा अंशांत पडणारा बर्फ पिठीसाखरेसारखा हलका असतो. आमच्या पायरीवरचा तसा बर्फ मी साध्या झाडूने लोटतो. शून्याच्या आसपास पडणारा बर्फ मात्र भिजलेल्या वाळूसारखा जड असतो, तो झाडांच्या फांद्या मोडतो आणि विजेच्या तारा तोडतो. फावड्यात दिसायला थोडाच असतो, पण उचलताना कंबरेला कळते, म्हणून मुलीला मदत करण्याच्या भरात आपण दोघांपैकी कोणीही तो उपसायला जाऊ नये.

अडकण्याबद्दल: रस्ते मोठ्या वादळानंतरही बहुधा एक-दोन दिवसांत मोकळे होतात. पदपथ घरमालकांनी बर्फ थांबल्यापासून तीन तासांत साफ करावेत असा बोस्टन शहराचा नियम आहे. खरा धोका नंतर येतो. दुपारी वितळलेले पाणी रात्री गोठून डांबरावर पारदर्शक थर बनतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बुटांच्या तळाला अडकवायच्या काटेरी पट्ट्या येथे सहज मिळतात, त्या पहिल्याच दिवशी घ्याव्यात आणि सकाळी नऊच्या आधी पायी बाहेर पडू नये. परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच काढावे, आणि पुढच्या विमानासाठी न्यूयॉर्कला जायचे असल्यास मध्ये एक पूर्ण दिवस ठेवावा, कारण तेच वादळ बहुधा बोस्टनच्या आधी न्यूयॉर्कवरून येते.